मेव्हनवर २३ फ्लो आणि न बोलावलेलं वऱ्हाड

मी इंटिग्रेशनचं काम करते. एका सिस्टिमची भाषा दुसरीला कळत नाही तेव्हा मधे दुभाषी म्हणून जो कोड उभा राहतो, तो लिहायचा आणि सांभाळायचा. ऑर्डर जेसनमध्ये येते, बिलिंगला ती एक्सएमएलमध्ये लागते, गोदामाची सिस्टिम रात्री एक सीएसव्ही फाइल टाकून झोपी जाते. असे २३ फ्लो, म्हणजे मेसेज इकडून तिकडे नेणारे प्रोग्रॅम, आहेत आमच्याकडे, सगळे अपाची कॅमल या इंटिग्रेशनच्या जावा फ्रेमवर्कवर, आणि सगळ्यांचा बिल्ड, म्हणजे कोडपासून चालणारं ॲप्लिकेशन बनवणं, मेव्हन या साधनावर. कॅमलला आम्ही उंटच म्हणतो. उंटावरून शेळ्या हाकण्याचा विनोद इतक्यांदा होऊन गेलाय की आता नव्या माणसालाही त्यावर हसायची सूट नाही.

हा रिव्ह्यू मेव्हनचा, आणि तोही एकाच कामापुरता: कुठली जार (जावाच्या तयार कोडचं गाठोडं), कुठल्या आवृत्तीची, कुणाच्या सांगण्यावरून आत शिरली, याचा हिशेब ठेवणं. बिल्ड किती वेळ खातो, एक्सएमएल किती खरडावं लागतं, यावर बोलणारे पुष्कळ आहेत. नऊ वर्षं वापरल्यावर माझं मत असं झालंय की हे काम मेव्हन चोख करतो, पण मनातल्या मनात करतो. दोन आवृत्त्यांचं भांडण झालं की तो निकाल देऊन मोकळा होतो. निकालाची प्रत मात्र कुणालाच पाठवत नाही.

आधी एका रात्रीचं सांगते. साल २०२३, रात्रीचे पावणेबारा, ऑन-कॉलवरच्या मुलाचा फोन.

"मॅडम, बिल्ड हिरवा आहे, टेस्ट हिरव्या आहेत, हेल्थ चेकपण हिरवा आहे."

"मग झोप ना."

"मेसेज एकही पुढे जात नाहीये."

लॉगमध्ये एकच ओळ पुन्हा पुन्हा येत होती: नो क्लास डेफ फाउंड, आणि पुढे जॅक्सनच्या कोअरमधल्या 'स्ट्रीम रीड कन्स्ट्रेंट्स' या क्लासचं नाव. जॅक्सन म्हणजे जेसन वाचणारी लायब्ररी. तिचे दोन मुख्य तुकडे, कोअर आणि डेटाबाइंड. हा क्लास कोअरमध्ये २.१५ पासून आला, आणि २.१५ चं डेटाबाइंड तो हक्कानं मागतं. आमच्याकडे डेटाबाइंड होतं २.१५ आणि कोअर होतं २.१३. जोडा होता, पण एक चप्पल नवी नि एक जुनी. कंपायलरला यातलं काही कळत नाही, कारण आमच्या कोडनं तो क्लास कधी हातात घेतलेलाच नाही. ॲप्लिकेशन सुरूही झालं. पहिली ऑर्डर आली तेव्हा कोसळलं.

टेस्ट हिरव्या कशा, तर त्या फ्लोच्या टेस्टमध्ये जेसन वाचायची पायरी वगळून थेट तयार ऑब्जेक्ट दिला होता. ती टेस्ट कुणी लिहिली हे मी शोधलं नाही, कारण त्याआधीच मला दुसरं काहीतरी सापडलं. त्या दिवशी दुपारी एक कमिट (कोडमधल्या बदलाची नोंद) झालं होतं. मेसेज: 'पॉम नीटनेटका केला'. पॉम म्हणजे मेव्हनची फाइल, ज्यात आपल्याला लागणाऱ्या जारा, म्हणजे डिपेंडन्सी, लिहितात. बदल इतकाच की डिपेंडन्सींची यादी अकारविल्हे लावली. एकही नाव वाढलं नाही, कमी झालं नाही, एकही आकडा बदलला नाही.

कमिट माझं होतं.

आता हे कसं घडतं ते बघा, कारण मेव्हनचा सगळा स्वभाव त्यातच आहे. मेव्हन १ मध्ये लागणारी प्रत्येक जार हातानं लिहावी लागायची. २००५ मध्ये मेव्हन २ आला आणि त्यानं सांगितलं की तुम्ही फक्त नवरदेवाला बोलवा, वऱ्हाड मी आणतो. तुम्ही पॉममध्ये एक नाव लिहिता. त्या जारला लागणाऱ्या जारा, त्यांना लागणाऱ्या जारा, सगळं आपसूक येतं. आमच्या ऑर्डर फ्लोच्या पॉममध्ये ११ नावं आहेत आणि प्रत्यक्ष क्लासपाथवर, म्हणजे जावा चालताना क्लास शोधतो त्या यादीवर, ९४ जारा. हे वरदान आहे, यात शंका नाही. ९४ जारा हातानं गोळा करायच्या म्हटलं तर मी दुसरा धंदा शोधला असता.

अडचण येते ती वऱ्हाडात एकच पाहुणा दोन बाजूंनी आला तर. एक जार म्हणते कोअर २.१५ पाहिजे, दुसरी म्हणते २.१३. क्लासपाथवर बसणार एकच. मेव्हन नवी-जुनी बघत नाही, जवळचा-लांबचा बघतो. तुमच्या पॉमपासून ज्या वाटेनं कमी पायऱ्या लागतात, तिथली आवृत्ती जिंकते, मग ती कितीही जुनी असो. दोन्ही वाटा सारख्याच लांबीच्या असतील तर पॉममध्ये ज्याचं नाव आधी लिहिलंय तो जिंकतो. हा दुसरा नियम २.०.९ पासून ठरलेला आहे, कागदपत्रांत स्पष्ट लिहिलेला आहे, आणि मी तो वाचलेलाही होता. वाचणं वेगळं, आणि पावणेबाराला तो अंगावर येणं वेगळं.

आमच्याकडे कोअर दोन वाटांनी येत होतं: आमच्याच सामायिक मॉडेलच्या जारमधून २.१५, आणि एका बाहेरच्या क्लायंट जारमधून २.१३. दोन्ही दुसऱ्या पायरीवर. सामायिक जारचं नाव वर्षानुवर्षं योगायोगानं वर होतं, म्हणून सगळं सुरळीत. मी अकारविल्हे लावलं, क्लायंट वर गेला, कोअर गुपचूप दोन घरं मागं आलं. डेटाबाइंड मात्र फक्त सामायिक जारमधूनच येत होतं, ते जागच्या जागी.

त्या रात्री अर्धा तास गोंधळ उडाला तो वेगळ्याच कारणानं. हाच क्लायंट, हीच सामायिक जार आणखी चार फ्लोंमध्ये होती आणि तिथं सगळं व्यवस्थित चालू होतं. फरक इतकाच की ते चार स्प्रिंग बूट या जावा फ्रेमवर्कवर होते, आणि स्प्रिंग बूट आपल्या बॉममधून जॅक्सनचे सगळे तुकडे एकाच आवृत्तीला बांधून ठेवतो. ऑर्डर फ्लो होता नुसत्या उंटावर. कॅमलचा स्वतःचा बॉम आम्ही घेतला होता, पण त्यात फक्त कॅमलच्याच जारा असतात. उंटाचा बॉम उंटापुरता. जॅक्सनला वाली कुणी नव्हता.

बॉम म्हणजे काय हे नव्यांसाठी थोडक्यात: एक पॉम, ज्यात कोड नसतो, नुसती 'या जारची ही आवृत्ती' अशी यादी असते. तो इम्पोर्ट केला की खाली कुठूनही ती जार येवो, आवृत्ती यादीतलीच लागते. जवळ-लांबचा नियम तिथं गप्प बसतो. मेव्हनमधली सगळ्यात कामाची सोय कुठली, असं मला विचाराल तर हीच. सगळ्यात उशिरा समजणारीही हीच.

आम्हाला ती समजली २०२१ च्या डिसेंबरात. लॉगफोरजे या लॉग लिहिणाऱ्या लायब्ररीतल्या सुरक्षेच्या भोकाची ती भानगड आठवत असेल. तीन आठवड्यांत दुरुस्तीच्या आवृत्त्या २.१५.०, २.१६.०, २.१७.० आणि २.१७.१, एकामागून एक. दर वेळी वाटायचं झालं एकदाचं, आणि काही दिवसांत पुढची यायची. आमच्या २३ पॉमांपैकी ७ ठिकाणी लॉगफोरजेची आवृत्ती हातानं लिहिलेली होती, बाकी ठिकाणी ती वऱ्हाडातून येत होती. पहिल्याच दिवशी मी मोठ्या आत्मविश्वासानं एक प्रॉपर्टी लिहिली, आवृत्ती बदलायची. स्प्रिंग बूटच्या सूचनांत तशीच सांगितलेली. बिल्ड केला, पाठवला, स्कॅनरनं तोच धोका पुन्हा दाखवला. जार जुनीच.

कारण असं की ती प्रॉपर्टी काम करते ती स्प्रिंग बूटचा पॉम पॅरेंट (ज्याचा वारसा आपला पॉम घेतो तो) म्हणून घेतला असेल तर. आम्ही पॅरेंट आमचाच ठेवून स्प्रिंग बूटचा बॉम इम्पोर्ट केला होता. इम्पोर्ट होताना बॉममधले आकडे आधीच ठरून येतात, तुमची प्रॉपर्टी तिथं पोहोचतच नाही. एरर नाही, इशारा नाही, हूं की चूं नाही. प्रॉपर्टी पॉममध्ये ऐटीत बसलेली, आणि तिला कुणी विचारत नाही. कुठल्याही साधनाबद्दल माझा खरा राग असेल तर तो चुकल्याबद्दल नसतो, अशा गप्प बसण्याबद्दल असतो.

त्याच आठवड्यात आम्ही आमचा स्वतःचा बॉम केला. आधी त्यात लॉगफोरजे, खाली कॅमलचा आणि स्प्रिंग बूटचा इम्पोर्ट. इथंही क्रमाला महत्त्व आहे बरं का: आपल्या यादीत थेट लिहिलेलं इम्पोर्टला हरवतं, आणि दोन इम्पोर्टांत एकच जार असेल तर वरचा जिंकतो. एवढं करून आम्ही हुशार झालो असं समजून बसलो, आणि जॅक्सन त्यात घालायला विसरलो. शिवाय ऑर्डर फ्लो तो बॉम घेतच नव्हता, कारण 'त्याला स्प्रिंग बूट लागत नाही, मग कशाला'. हे वाक्यही माझंच. पुढची दोन वर्षं आम्ही मजेत होतो.

असो. मेव्हनला बोलतं करायचे मार्ग आहेत, आणि इथं त्याला पैकीच्या पैकी गुण द्यायला मी तयार आहे. 'डिपेंडन्सी ट्री' ही आज्ञा दिली की सगळं वऱ्हाड नात्यागोत्यासकट समोर उभं राहतं. साधं झाड फक्त जिंकलेले दाखवतं. 'व्हर्बोज' लावलं तर हरलेलेही दिसतात, कुणाकडून हरले त्यासकट. ही सोय डिपेंडन्सी प्लगइनच्या ३.० मध्ये गायब झाली होती, ३.२.० मध्ये परत आली. तुमच्याकडे हरलेले दिसत नसतील तर आधी प्लगइनची आवृत्ती बघा. त्या रात्री माझ्या पडद्यावर कोअर २.१५ च्या पुढे 'संघर्षामुळे वगळले' अशा अर्थाची ओळ दिसली, आणि पुढच्या पाच मिनिटांत काम संपलं. आधीचे पन्नास मिनिटं आम्ही नेटवर्ककडे बोट दाखवत होतो.

पण झाड तुम्ही बघितलं तर दिसतं. स्वतःहून ओरडणारा हवा असेल तर एन्फोर्सर प्लगइन लावावा लागतो. त्यात दोन नियम आहेत, आणि कुठला घ्यावा यावर आमच्याकडे अजून मतभेद आहेत. 'डिपेंडन्सी कन्व्हर्जन्स' म्हणतो, एकाच जारच्या दोन आवृत्त्या कुणी मागितल्या की बिल्ड पाडा. ऐकायला बाणेदार, पण इंटिग्रेशनच्या प्रोजेक्टवर लावून बघा. प्रत्येक कनेक्टर आपापलं वऱ्हाड घेऊन येतो. पहिल्या दिवशी आमच्या एकाच फ्लोमध्ये ३८ भांडणं निघाली, त्यातली बहुतेक निरुपद्रवी. पोरांनी तिसऱ्या दिवशी नियमच बंद करून टाकला. 'रिक्वायर अपर बाउंड डेप्स' जास्त शहाणा वाटतो: भांडण असू दे, पण जिंकलेली आवृत्ती कुणी मागितलेल्या सर्वांत नव्या आवृत्तीपेक्षा जुनी असेल तरच बिल्ड पाडतो. माझं अकारविल्हे कमिट यानं तिथल्या तिथं अडवलं असतं. आता २३ च्या २३ फ्लोंवर तो आहे.

एक मात्र खास इशारा, उंट वापरणाऱ्यांसाठी. मेव्हनकडे 'ॲनलाइझ' नावाची आज्ञा आहे. ती सांगते की ही ही डिपेंडन्सी लिहिलीय पण वापरात नाही. साफसफाईच्या उत्साहात हिच्यावर विसंबू नका. ती बाइटकोड (कंपाइल झालेला कोड) वाचून ठरवते, म्हणजे कुठल्या क्लासनं कुठला क्लास बोलावला ते. कॅमलमध्ये काफ्का (मेसेजांची देवाणघेवाण करणारी सिस्टिम) वापरायचं तर आपण क्लासचं नाव लिहीतच नाही. यूआरआय या पत्त्यामध्ये 'काफ्का', कोलन आणि टॉपिकचं नाव, एवढी एक स्ट्रिंग लिहितो. त्या नावावरून कॅमल चालू होताना जारच्या पोटातली एक छोटी फाइल शोधतो आणि घटक उचलतो. बाइटकोडमध्ये त्याचा मागमूस नाही. म्हणून 'ॲनलाइझ' शांतपणे सांगते, कॅमल-काफ्का बिनकामाची आहे. आमच्या नव्या मुलानं तिचं ऐकलं, तीन 'बिनकामाच्या' जारा काढल्या, बिल्ड हिरवा. सुरू करताना कॅमल म्हणाला, 'काफ्का' या स्कीमचा घटक सापडत नाही. सुदैवानं त्याच्या लॅपटॉपवरच. निदान उंट स्पष्ट बोलतो, सुरुवातीलाच बोलतो. मेव्हननं शिकावं.

सगळ्यात मोठा विषय मी मुद्दाम मागे ठेवलाय, कारण तिथं दोष मेव्हनचा थोडा आणि आमचा फार. सामायिक मॉडेलची जार. ऑर्डर, ग्राहक, बिल, यांची एकच व्याख्या सगळ्या फ्लोंनी वापरावी म्हणून एक्सएसडीवरून (एक्सएमएलची रचना सांगणाऱ्या फाइलींवरून) तयार केलेले क्लास एका जारमध्ये ठेवतात. कल्पना उत्तम. मग कुणीतरी त्यात तारखा फॉरमॅट करणारा क्लास टाकतो, सगळ्यांना लागतो म्हणून. मग एचटीटीपी क्लायंट, मग एक्सेल वाचणारा. प्रत्येकाबरोबर त्याचं वऱ्हाड. बघता बघता नुसती ऑर्डरची व्याख्या हवी असलेल्या फ्लोच्या गळ्यात एक्सेलची लायब्ररी. आमच्या सामायिक जारचं एकटीचं वऱ्हाड ४१ जारांचं होतं, आणि व्याख्यांना प्रत्यक्ष लागत होत्या दोन.

हे अंगाशी आलं २०२४ मध्ये, कॅमल ४ वर जाताना. कॅमल ४ आला ऑगस्ट २०२३ मध्ये, त्याला जावा १७ लागतो, आणि त्यानं पॅकेजांच्या नावांतलं जुनं जावाएक्स सोडून नवं जकार्ता धरलं. आमचे सगळे व्याख्यांचे क्लास जॅक्सबीच्या, म्हणजे क्लासचं एक्सएमएल करणाऱ्या लायब्ररीच्या, जावाएक्सवाल्या ॲनोटेशनांनी (कोडवर लावलेल्या खुणांनी) मढवलेले. जकार्ताच्या ज्या जारमध्ये ही ॲनोटेशनं असतात, तिचं नाव २.३ मध्ये जे होतं तेच ३.० मध्येही आहे, पण २.३ च्या पोटात जावाएक्सचं पॅकेज आणि ३.० च्या पोटात जकार्ताचं. म्हणजे पाटी तीच, आतला बिऱ्हाडकरू वेगळा. मेव्हनच्या लेखी ही साधी आवृत्तीची मारामारी, त्यानं एक निवडली. उलट जुन्या जावाएक्सच्या नावाची वेगळी जार आणि ही २.३, दोघींत तेच क्लास असूनही नावं निराळी, म्हणून मेव्हनला भांडण दिसतच नाही, दोघी मांडीला मांडी लावून बसतात.

आमच्याकडे झालं ते असं: कॅमल ४ वर नेलेल्या पहिल्या फ्लोनं जुनीच सामायिक जार घेतली. नव्या जॅक्सबीला जावाएक्सची ॲनोटेशनं दिसत नाहीत, तो त्यांच्याकडे काणाडोळा करतो. बिल लिहायला गेला आणि म्हणाला, या क्लासवर एक्सएमएल रूट एलिमेंटचं ॲनोटेशनच नाही. मी सोर्स उघडला, ॲनोटेशन डोळ्यांसमोर आहे. वर इम्पोर्टची ओळ बघायला मला वीस मिनिटं लागली. डोळ्यांसमोरची ओळ न दिसण्याला वयाचं कारण देता येतं, म्हणून तेच दिलं.

सामायिक जार एकच, फ्लो २३, आणि सगळ्यांना एका रात्रीत नव्या उंटावर बसवणं अशक्य. शेवटी ती फोडली: फक्त व्याख्यांची एक जार, तिच्या दोन समांतर आवृत्त्या, ५.x जावाएक्सवाल्यांसाठी आणि ६.x जकार्तावाल्यांसाठी. बाकीचा मदतनीस कोड ज्याचा त्याच्या घरी. तारखेचा फॉरमॅटर आता सहा ठिकाणी नक्कल होऊन पडलाय आणि मला त्याचं काही वाटत नाही. वीस ओळींची नक्कल परवडली, ४१ जारांचं वऱ्हाड नको. यावरून आमच्या आर्किटेक्ट साहेबांशी माझा अबोला होता आठवडाभर.

स्नॅपशॉट, म्हणजे अजून पक्क्या न झालेल्या, आवृत्त्यांबद्दल फार लिहीत नाही. मेव्हन त्या डिफॉल्टनं दिवसातून एकदाच तपासतो, म्हणून माझ्याकडे सकाळची जार आणि शेजारच्याकडे दुपारची, हा खेळ सगळ्यांनी खेळलेला आहे. सामायिक जारला स्नॅपशॉट वापरू नका, संपलं.

ग्रेडल, म्हणजे मेव्हनसारखंच दुसरं बिल्डचं साधन, का नाही, हे विचारणारे येतीलच. वापरून बघितला, दोन फ्लोंवर. तो अशा भांडणात डिफॉल्टनं सगळ्यात नवी आवृत्ती घेतो, आणि इंटिग्रेशनच्या कामात मला तोच निकाल जास्त वेळा पटतो. तरी आम्ही परत आलो, कारण २३ फ्लो सांभाळणारे सहा जण आहेत, आणि पॉम कुणाचाही उघडला तरी तो सारखाच दिसतो. ग्रेडलच्या दोन फ्लोंच्या दोन बिल्ड फाइली दोन वेगळ्या स्वभावांच्या झाल्या होत्या. मेव्हनला पाचपैकी साडेतीन. एन्फोर्सरचा तो एक नियम जन्मतः चालू असता तर साडेचार दिले असते.

ऑर्डर फ्लोच्या पॉममध्ये त्या रात्री मी घाईघाईत एक कॉमेंट टाकली होती: 'सामायिक मॉडेलची ओळ सगळ्यात वरच ठेवावी, हलवू नये.' आता जॅक्सन आमच्या बॉममध्ये आहे, ऑर्डर फ्लो तो बॉम घेतो, त्या ओळीचा क्रम कसाही असला तरी कोअर हलणार नाही. परवा रिव्ह्यूमध्ये नव्या मुलानं विचारलं, "मॅडम, ही कॉमेंट काढू का?"

मी म्हटलं, "काढ. आणि ओळी अकारविल्हे लावून बघ, बिल्ड पडतो का ते मला सांग."

पडला नाही. त्यानं ओळी मात्र पुन्हा होत्या तशाच ठेवल्या.